बदल केलेला कॅनन ६०० डी : देवगडच्या खाऱ्या हवेतील अकरा महिने

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मी एक वापरलेला कॅनन ६०० डी घेतला. आकाशातील तेजोमेघांची, म्हणजे ताऱ्यांमधल्या वायू-धुळीच्या विशाल ढगांची छायाचित्रे काढता यावीत म्हणून त्याच्या सेन्सरसमोरचा (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चकती) एक फिल्टर आधीच काढून टाकलेला होता. तेव्हापासून हा कॅमेरा देवगड तालुक्यातील आमच्या घरी आहे. समुद्र इथून जेमतेम एक किलोमीटर, आणि मधे एक अख्खा पावसाळा होऊन गेला. या काळात त्याने मला मनाजोगती चित्रे दिली, दोन वेगवेगळे एरर दाखवले आणि सेन्सर साफ करण्याविषयीच्या माझ्या काही समजुती मोडून काढल्या. आपल्या भागात असे कॅमेरे हाताळणारे थोडे आहेत आणि दुरुस्तीसाठी कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागते, म्हणून अनुभव सविस्तर लिहितो.

आधी बदल काय असतो ते सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. या कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढे दोन फिल्टर एकामागे एक असतात. पुढच्या काचेला अतिजलद कंपनांनी धूळ झटकणारी यंत्रणा जोडलेली असते. मागचा फिल्टर रंग डोळ्यांना दिसतात तसे उमटावेत म्हणून लाल प्रकाशाचा मोठा भाग अडवतो. तेजोमेघांतील हायड्रोजनचा ठळक लाल प्रकाश ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि तोही बहुतांशी इथेच अडतो. माझ्या कॅमेऱ्यात हा मागचा फिल्टर काढलेला आहे आणि पुढचा जागेवर आहे. फरक पहिल्याच महिन्यात दिसला. घरामागच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून घेतलेल्या मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे जे बाहेरचे पदर माझ्या जुन्या कॅमेऱ्यात करडे आणि विरलेले येत, ते गर्द लाल उमटले. एप्रिलमध्ये कराइना तेजोमेघ दक्षिणेला समुद्रावर फक्त १४ अंशांच्या आसपास चढतो. तिथल्या दाट हवेतूनसुद्धा त्याचा लाल गाभा स्पष्ट मिळाला. आमच्याच तालुक्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी बांधलेले म्हणून साहेबाचे ओटे दाखवतात. हेलियमची पिवळी रेषा त्याच ग्रहणाच्या वेळी सौरज्वालांच्या वर्णपटात दिसली होती. त्या ओट्यांजवळ उभा राहिलो की प्रकाशाच्या एका रेषेसाठी चाललेला माझा हा खटाटोप मला मनापासून योग्य वाटतो.

जानेवारीत ठिपके दिसू लागले. लेन्सचे छिद्र एफ/१६ वर, म्हणजे बरेच बारीक ठेवून, फोकस मुद्दाम बिघडवून दुपारच्या कोऱ्या आकाशाचे चित्र घेतले आणि संगणकावर त्याचा कॉन्ट्रास्ट वाढवला, तेव्हा सात डाग मोजता आले. सड्यावरची जांभ्याची लाल धूळ फार बारीक असते आणि मी तिथे उघड्यावर लेन्स काढून दुर्बिणीला कॅमेरा लावत असे, त्यामुळे ही धूळच असणार हे मी गृहीत धरले. हातातल्या फुंकणीने हवा मारल्यावर चार डाग गेले. उरलेल्या तिघांसाठी मी स्वॅब (काच पुसायची मऊ टोकाची सपाट काडी) आणि सेन्सरसाठीचे मिथेनॉलयुक्त द्रावण मागवले. दोनदा पुसल्यावर त्यांतला एक गेला. दोन मात्र तसूभर हलले नाहीत, आणि मी तिसऱ्यांदा, या वेळी थोडा दाब देऊन पुसायला निघालो होतो. ही माझी अकरा महिन्यांतील सर्वांत मोठी चूक ठरली असती.

त्या रात्री मी चित्र पुन्हा उघडून डागांच्या आकाराकडे नीट पाहिले. पुसून गेलेला डाग सुमारे ४० पिक्सेल रुंद होता आणि त्याच्या कडा विरघळलेल्या होत्या. न जाणारे दोन्ही डाग जेमतेम १४ पिक्सेलचे, आणि पेन्सिलीने टेकवल्यासारखे काळेभोर होते. धुळीचा कण सेन्सरपासून जितका दूर, तितकी त्याची सावली मोठी आणि फिकट पडते. सावलीची रुंदी, एका पिक्सेलचा आकार आणि छिद्राचा एफ-क्रमांक यांचा गुणाकार केला की कण सेन्सरपासून किती अंतरावर आहे ते अंदाजे कळते. या कॅमेऱ्याचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा आहे. ४० गुणिले ४.३ गुणिले १६ म्हणजे सुमारे २.७५ मिलिमीटर, तर १४ पिक्सेलच्या डागासाठी उत्तर ०.९६ मिलिमीटर येते. म्हणजे जो कण गेला तो पुढच्या फिल्टरच्या बाहेरच्या बाजूला होता, आणि हे दोन त्याच्या मागे, सेन्सरच्या स्वतःच्या काचेवर बसलेले होते. बदल करताना कॅमेरा उघडला गेला तेव्हाच ते आत अडकले असणार. बाहेरून कितीही पुसले तरी ते निघणे शक्य नव्हते, उलट पुढच्या काचेवर ओरखडा मात्र पडला असता. ज्यांनी हा बदल करून दिला त्यांनी शेवटची तपासणी एफ/१६ वर केली असती तर हे तेव्हाच दिसले असते, याचे मला आजही वाईट वाटते.

बाहेरची काच पुसण्याची जी पद्धत मला मानवली ती अशी. पंखा बंद करून, शक्यतो नुकतीच आंघोळ झालेल्या न्हाणीघरात बसावे, कारण तिथली धूळ ओलाव्याने खाली बसलेली असते. मात्र वाफ पूर्ण विरल्याशिवाय कॅमेरा उघडू नये. मेनूमधून हाताने सफाई करण्याचा पर्याय निवडला की आरसा वर जातो आणि पडदा (शटर) उघडतो. मधेच वीजपुरवठा तुटला तर दोन्ही बंद होऊन स्वॅबवर आपटू शकतात. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसल्याने मी घरच्या विजेवर विसंबत नाही, पूर्ण भरलेली बॅटरीच वापरतो. चित्रात वर डावीकडे दिसणारा डाग, समोरून कॅमेऱ्यात पाहताना काचेवर खाली डावीकडे असतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की नको तिथे पुसणे टळते. सेन्सर २२.३ गुणिले १४.९ मिलिमीटरचा आहे, त्यामुळे त्याच्या उंचीएवढा रुंद स्वॅब घेऊन, दोन थेंब द्रावण लावून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदा न्यावा आणि दुसऱ्या बाजूने एकदा परत आणावा. तो स्वॅब पुन्हा वापरू नये. तोंडाने फुंकर मारू नये, कारण थुंकीचे सूक्ष्म थेंब धुळीपेक्षा चिवट असतात. दाबलेल्या वायूचा डबाही वापरू नये, त्यातले गार द्रव काचेवर उडते.

पहिला एरर मार्चमध्ये आला. लेन्स लावून चित्र घेतले की एरर ०१, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांचा संपर्क नीट होत नाही. दुर्बिणीला लावल्यावर मात्र तोच कॅमेरा रात्रभर विनातक्रार चाले. दुर्बिणीच्या कड्याला विद्युत संपर्कबिंदू नसतातच, त्यामुळे दोष कॅमेऱ्याच्या आत नसून त्या बिंदूंवर किंवा लेन्समध्ये आहे हे इथेच ठरले. लेन्स पूर्ण उघड्या छिद्रावर ठेवली तरी एरर येत होता, म्हणून छिद्राच्या पात्यांची यंत्रणा बिघडली असण्याची शंकाही मागे पडली. भिंगाने पाहिले तर लेन्सच्या सोनेरी बिंदूंपैकी दोघांवर मळकट, किंचित चिकट थर होता. खाऱ्या वाऱ्याचाच तो प्रताप. कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून, कापडाला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दोन्हीकडचे बिंदू पुसले आणि एरर गेला. खोडरबराने घासण्याचा सल्ला मला मिळाला होता. तो मी मानला नाही, कारण त्याचा चुरा थेट आरशाच्या कप्प्यात पडतो.

ऑगस्टमधला एरर ०६ मात्र खरोखर काळजीत टाकणारा होता. हा क्रमांक सेन्सरची स्वयंसफाई होत नसल्याचा आहे. कॅमेरा सुरू करताना आणि बंद करताना ती यंत्रणा आपोआप काचेला कंप देते, आणि नेमका तेव्हाच एरर दिसे. बंद करून पुन्हा सुरू केला की कधी जाई, कधी राही. मेनूमध्ये स्वयंसफाई बंद केल्यावर एरर पूर्ण थांबला आणि चित्रे पूर्वीसारखी येऊ लागली. यावरून सेन्सर आणि शटर ठीक असून दोष त्या कंप देणाऱ्या भागापुरताच आहे हे कळले. कोल्हापूरच्या एका दुरुस्ती करणाऱ्यांनी उघडून पाहिले तेव्हा त्या भागाची पट्टीसारखी केबल खाचेत तिरकी बसलेली निघाली. पावसाळ्यातल्या ओलाव्याने तिचे टोक काळवंडले होते. ती सरळ बसवली आणि काम झाले. तरीही मी स्वयंसफाई आता बंदच ठेवतो. रात्री चित्रे घेऊन झाल्यावर पहाटे दुर्बिणीच्या तोंडावर पांढरे कापड ताणून जी फ्लॅट चित्रे घेतो, त्यांवरूनच धुळीच्या सावल्या संगणकावर काढून टाकता येतात. मधेच कॅमेरा बंद-चालू होऊन धूळ हलली, तर ती दुरुस्ती चुकते आणि प्रत्येक डागाशेजारी एक उजळ डाग नव्याने उमटतो.

साठवणीबाबत थोडेच. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवू नये, पीठ आत जाते. मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटे आर्द्रतामापक ठेवतो. काटा ५० टक्क्यांच्या वर गेला की जेल मंद आचेवर तव्यावर भाजून घेतो. वातानुकूलित खोलीतून थेट सड्यावर गेल्यास काचेवर बाष्प जमते, म्हणून अर्धा तास आधी बंद पिशवीतच कॅमेरा बाहेर नेतो. दिवसा वापरायचा असेल तर चित्रे लालसर येतात आणि पांढऱ्या कागदावरून व्हाइट बॅलन्स बसवून घ्यावा लागतो. फिल्टर निघाल्याने फोकसही सरकला आहे, त्यामुळे लाइव्ह व्ह्यूमध्येच, म्हणजे मागच्या स्क्रीनवर पाहूनच फोकस करतो. माझी एक रुंद कोनाची लेन्स तर आता अनंतावर पोहोचतच नाही, म्हणजे ताऱ्यांसारख्या फार दूरच्या गोष्टींवर तिचा फोकस होतच नाही.

आतले ते दोन कण अजून तिथेच आहेत. कोल्हापूरला कॅमेरा उघडलेला असताना ते काढून घ्यावेत का, असे मला विचारण्यात आले होते. सेन्सरच्या काचेला हात लावण्याचा धोका आणि फ्लॅट चित्रांनी पूर्ण पुसल्या जाणाऱ्या दोन सावल्या यांची तुलना करून मी नको म्हणालो.