क्लच सुटत नव्हता आणि बदलली प्लेट

पुण्याहून कराडला येताना खंबाटकीच्या चढावर ट्रकांची रांग लागली होती. क्लच तळाला टेकवून धरला तरी गाडी पुढे ओढ घेत होती आणि पहिला गिअर काही केल्या पडेना. मागच्या सीटवर सासूबाई आणि माझी लेक. इंजिन बंद केलं की गिअर अलगद पडायचा, चालू केलं की नुसती करकर. शेवटी पेडल दोन-तीनदा भराभर दाबलं तेव्हा कसाबसा पडला. हे सगळं मी नंतर गॅरेजवाल्याला सांगितलं होतं, पेडल मारल्याचंसुद्धा. त्यानं ते कानाआड केलं.

घाट संपल्यावर हायवेलगतच्या एका गॅरेजात गाडी घातली. त्यानं बॉनेटही उघडलं नाही. सीटवर बसून एकदा गिअर टाकून पाहिला आणि म्हणाला, "ताई, क्लच प्लेट संपली. प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळा सेट टाकावा लागेल. अशीच नेलीत तर वाटेत कुठंतरी उभी राहील, आणि सोबत आजी आहेत." ते ऐकल्यावर पुढं काही विचारायचा मला धीर झाला नाही. आम्ही एसटीनं घरी आलो. तिसऱ्या दिवशी गाडी मिळाली, २१,४०० रुपये रोख देऊन. बिल म्हणून वहीच्या कागदावर आकडे लिहून दिले. जुनी प्लेट मागितली तर म्हणे भंगारात गेली. मी जागची हलले नाही, तेव्हा पोऱ्यानं मागून आणून दिली. ती डिकीत टाकली.

गाडी छान चालली, अकरा दिवस. बाराव्या दिवशी भाजी मंडईजवळ रिव्हर्स टाकताना तीच करकर. फोन केला तर उत्तर तयार होतं: "आता गिअरबॉक्स खोलावा लागेल, सिंक्रोनायझर गेले असणार. तीसेक हजार धरा." सिंक्रोनायझर म्हणजे गिअर आवाज न करता पडावा म्हणून आत असलेल्या कड्या.

या वेळी मात्र गाडी सासऱ्यांची जीप सांभाळणाऱ्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी इंजिन चालू ठेवून क्लच दाबला, पाचपर्यंत आकडे मोजले आणि रिव्हर्स टाकला. कर्रर्र. मग पेडल तीनदा मारून पुन्हा टाकला, तर आवाज नाही. "पंप केल्यावर पडतोय, म्हणजे आधी तेलाची लाइन बघायची. प्लेटीचं मागनं," ते म्हणाले. माझ्या गाडीत पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत जातो. पोराला पेडल दाबून धरायला सांगितलं आणि मला बॉनेटपाशी बोलावलं. गिअरबॉक्सच्या बाजूला स्लेव्ह सिलिंडरचा, म्हणजे तेलाच्या दाबानं क्लच सोडवणाऱ्या नळकांड्याचा, दांडा बाहेर आला आणि पोराचा पाय जागचा न हलता हळूहळू परत आत सरकू लागला. माझ्या डोळ्यांसमोर. मास्टर सिलिंडरमधलं, म्हणजे पेडल दाबल्यावर तेल ढकलणाऱ्या पंपातलं, रबर दाब धरत नव्हतं. पेडलच्या वर, डॅशबोर्डखाली हात घालून त्यांनी बोट बाहेर काढलं, तर ते ओलं. ब्रेक ऑइलच्या डबीत तेल खाली गेलेलं आणि काळ्या चहासारखं झालेलं.

मग डिकीतली प्लेट बाहेर काढली. त्यांनी अंगठ्याचं नख रिवेटच्या खळग्यात घातलं आणि मलाही घालायला लावलं. नख चांगलं आत बुडत होतं. प्लेट संपत आली की अस्तर झिजून रिवेट जवळजवळ वर येतात. ही प्लेट अजून कितीतरी चालली असती.

नवा मास्टर सिलिंडर, नवं तेल, लाइनमध्ये अडकलेली एअर काढणं, मजुरी धरून २,३५० रुपये झाले. आता सहा महिने झाले, तक्रार नाही.

मग ते अकरा दिवस गाडी कशी चालली? हे मला मिस्त्रींकडून कळलं आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. गिअरबॉक्स उतरवताना स्लेव्हची पाइप सोडली होती. परत जोडल्यावर ताजं तेल भरून एअर काढावीच लागते. त्यानं दुखणं तात्पुरतं दबलं. गुण आला तो त्या तेलाचा, पैसे घेतले सेटचे. गाडी नीट चालतेय म्हणजे निदान बरोबर होतं, असं मी धरून चालले होते.

क्लच स्लिप होणं आणि क्लच न सुटणं ही दोन उलट दुखणी आहेत. स्लिप होतो तेव्हा चढावर इंजिन ओरडतं पण गाडी वेग घेत नाही, कधी जळका वास येतो. तिथं प्लेटीवर संशय घ्यावा. माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. गिअर पडत नाही, क्लच दाबूनही गाडी सरकते, इंजिन बंद केल्यावर मात्र गिअर पडतो, असं असेल तर आधी बाहेरचं तपासून घ्या. पायाखालचं मॅट पेडलखाली अडकलंय का, केबलची गाडी असेल तर केबल ताणलीय का, तेलाची असेल तर डबीतलं तेल, मास्टर, स्लेव्ह. पुष्कळ गाड्यांत ब्रेकची आणि क्लचची डबी एकच असते, म्हणून ते तेल कमी झालेलं दिसलं तर तसंच सोडू नका. प्लेट कधीच कारण नसते असं नाही. वाकडी झालेली प्लेट किंवा ती दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची तुटलेली पाकळी यांनीही असंच होतं. २०१९ च्या पुरानंतर पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या प्लेटी फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या फिरत्या चाकाला, गंजून चिकटल्या होत्या, त्या मिस्त्रींनी स्वतः सोडवल्या होत्या. पण तिथपर्यंत जायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि बाहेरची तपासणी अर्ध्या तासाची आहे.

गॅरेजवाल्याला परत फोन केला. "गाडी चालू करून दिली होती ना ताई?" एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, तेव्हा तिकडेही जायची माझी तयारी आहे. पण माझ्या हातात आहे तो वहीचा कागद. त्यावर गॅरेजचं नाव नाही, पार्ट नंबर नाही, सही नाही. गिअरबॉक्स उतरवायला हो म्हणण्याआधी नव्या सेटच्या बंद खोक्याचा फोटो काढा, पार्ट नंबरसह पक्कं बिल ठरवून घ्या आणि जुना माल परत हवा, हे तेव्हाच सांगा.