उन्हाळी सुट्टीतील ऑनलाइन लेखनवर्ग : एकाच घरातून पाहिलेले तीन गट

अकोल्यात मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो आणि सकाळी दहानंतर मुलांना घराबाहेर पाठवण्याची सोय उरत नाही. पुण्या-मुंबईत सुट्टीमध्ये लेखनाच्या कार्यशाळा भरतात, तशा आमच्याकडे क्वचितच भरतात. त्यामुळे मराठीतून चालणाऱ्या एका ऑनलाइन सर्जनशील लेखनवर्गाची माहिती मिळाली, तेव्हा आमच्या कुटुंबातील तीन जणांनी नावे नोंदवली. माझी दहा वर्षांची मुलगी बालगटात, नाशिकला राहणारा पंधरा वर्षांचा भाचा कुमारगटात आणि मी स्वतः प्रौढगटात होते. भाचा सुट्टीत आमच्याकडेच असल्यामुळे तिन्ही गटांचे काम मला जवळून पाहता आले. संस्थेचे नाव मी येथे दिलेले नाही. माझ्या तक्रारी मी त्यांना थेट कळवल्या आहेत आणि पुढच्या उन्हाळ्यात असा कोणताही वर्ग निवडणाऱ्यांना या अनुभवाचा उपयोग व्हावा, एवढाच या लेखनामागील हेतू आहे.

बालगट उत्तम होता, कुमारगट चांगला होता आणि प्रौढगटाने माझी निराशा केली. तिन्ही गटांचे वेळापत्रक, अभ्यासक्रम आणि मार्गदर्शकांची तयारी पाहता हा फरक शिकवण्याच्या दर्जामुळे पडला, असे मला वाटत नाही. लिहिलेले पान कोणीतरी नीट वाचून, त्यावर खुणा करून परत देते की नाही, यावरच सगळे अवलंबून होते.

बालगटात बारा मुले होती. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी सात वाजता एक तासाचा वर्ग असे आणि एकूण दहा वर्ग झाले. फी २,५०० रुपये होती. पहिल्याच दिवशी मार्गदर्शक ताईंनी मुलांना आपापल्या स्वयंपाकघरात डोळे मिटून दोन मिनिटे उभे राहायला सांगितले आणि डोळ्यांना दिसणारी एकही गोष्ट न लिहिता त्या खोलीचे वर्णन करायला लावले. माझ्या मुलीने फोडणीच्या तडतडण्याबरोबर शेजारच्या खोलीतील कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास लिहिला. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ किंवा ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ असे निबंध ती शाळेत तिसरीपासून लिहीत आली आहे आणि त्या निबंधांत कधीही न पाहिलेला मोर दरवर्षी पिसारा फुलवतो. आपल्याच घरातला कूलर लिहिण्याजोगा असतो, हे तिला या वर्गात प्रथम कळले.

दुसऱ्या आठवड्यात संवादांचे काम होते आणि तेथे जे घडले, ते मला या संपूर्ण वर्गातील सर्वांत मोलाचे वाटते. मुलीच्या गोष्टीतली आजी, म्हणजे प्रत्यक्षात माझ्या सासूबाई, नातीला विचारते, “काहून वं पोरी, कूलरात पानी नाई टाकलं काय आज?” हे वाक्य लिहिल्यावर तिने स्वतःच ते खोडून त्या जागी ‘तू आज कूलरमध्ये पाणी का भरले नाहीस?’ असे लिहिले होते, कारण वहीत वऱ्हाडी शब्द दिसला की त्याखाली लाल रेघ येते, हा तिचा शाळेतला अनुभव होता. ताईंनी वहीच्या छायाचित्रात खोडलेले वाक्य पाहिले, ते वर्गात मोठ्याने वाचायला लावले आणि निवेदन प्रमाण मराठीत ठेवून आजीला आजीच्या बोलीत बोलू द्यावे, असे सांगितले. त्या संध्याकाळी माझी मुलगी वही घेऊन सासूबाईंशेजारी बसली आणि त्या काय बोलतात ते टिपू लागली. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंनाही आपले बोलणे कोणी लिहून ठेवत आहे याचा जो आनंद झाला, तो मी विसरू शकणार नाही.

वाचनाची जोड दिलेली होती, हीही जमेची बाजू आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. प्रत्येक वर्गानंतर त्यातील एखादी गोष्ट वाचायला सांगितली जाई आणि पुढच्या वेळी गोष्टीचे पहिले वाक्य कसे आहे, एवढ्यावरच दहा मिनिटे चर्चा होई. पालकांना यासाठी वेगळी पुस्तके विकत घ्यावी लागली नाहीत.

या गटात अमेरिकेतील तीन मुले होती. आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, त्यामुळे ही वेळ त्यांच्यासाठी शनिवारीच सोयीची होती. इतर दोन दिवस शाळेमुळे ती येऊ शकत नसत आणि ध्वनिचित्रमुद्रण पाहून काम पूर्ण करत. ती मुले मराठी सहज बोलत, पण देवनागरी वाचताना अडखळत. अशा मुलांनी गोष्ट आधी तोंडी सांगावी आणि मग पालकांच्या मदतीने लिहावी, अशी सवलत ताईंनी दिली. परदेशातील पालकांनी नाव नोंदवण्यापूर्वी वार आणि वेळ विचारून घ्यावी.

ध्वनिचित्रमुद्रणाबाबत मात्र माझा गंभीर आक्षेप आहे. बालगटाच्या वर्गांचे दुवे पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सरसकट टाकले जात आणि तो दुवा हाती आलेली कोणतीही व्यक्ती आमच्या मुलांचे चेहरे, नावे आणि घरे पाहू शकत होती. आमची संमती कोणी विचारली नव्हती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. मी लेखी कळवल्यानंतर दुव्यांना संकेतशब्द लावण्यात आला, हे नोंदवायला हवे. तरीही ही काळजी पहिल्या दिवसापासून घेतली जायला हवी होती.

कुमारगटाबद्दल थोडक्यात लिहिते. तेथे अठरा मुले-मुली होती आणि पहिले दोन वर्ग बहुतेकांचे कॅमेरे बंद होते. मार्गदर्शकांनी त्यावर सक्ती केली नाही. त्यांनी लेखन निनावी मागवले आणि कोणाचे आहे हे न सांगता वाचून दाखवले. चौथ्या वर्गापर्यंत मुले आपणहून ‘हे माझे आहे’ असे सांगू लागली. या वयात वर्गासमोर आपले लेखन उघड करण्याचा संकोच किती असतो, हे ओळखणारा शिक्षक मिळणे ही मोठी गोष्ट आहे. एका मुलाने चॅटबॉटकडून लिहून घेतलेली कथा पाठवली, तेव्हा त्याला रागावण्याऐवजी सर्वांनाच पुढील काम वहीत, खाडाखोडीसह लिहून त्याचे छायाचित्र पाठवायला सांगण्यात आले. एरवी रोमन लिपीत मराठी टाइप करणारा माझा भाचा या निमित्ताने कित्येक महिन्यांनी पानभर देवनागरी लिहिता झाला. प्रत्येकाच्या कच्च्या खर्ड्यावर मार्गदर्शकांचे चार-पाच ओळींचे लेखी टिपण येत असे. ते बालगटाइतके सविस्तर नव्हते, परंतु नेमके होते.

प्रौढगटाची फी ३,००० रुपये होती आणि माहितीपत्रकात ‘प्रत्येकाच्या कथेवर चर्चा’ असे स्पष्ट लिहिलेले होते. प्रत्यक्षात एका तुकडीत बेचाळीस जण घेतले होते. दीड तासाचे आठ वर्ग म्हणजे एकूण बारा तास; त्यांतील निम्मा वेळ व्याख्यानात जात होता. व्याख्याने चांगली होती, निवेदकाचे स्थान आणि कथेतील काळ यांवरील दोन तर फार चांगली होती. पण राहिलेल्या सहा तासांत बेचाळीस कथा बसवल्या, तर प्रत्येकीला किती वेळ मिळेल हा साधा हिशोब आहे. त्यातही एक संपूर्ण संध्याकाळ जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधील मजकूर इतरांच्या पडद्यावर उघडत नाही म्हणून वाया गेली आणि मोबाइलवर ‘दुसऱ्या’मधला अर्धा र कसा काढायचा, यावर आणखी अर्धा तास गेला. या गोष्टी वर्ग सुरू होण्यापूर्वी दोन पानांच्या सूचनापत्रात सांगता आल्या असत्या. माझ्या कथेच्या वाट्याला चार मिनिटे आली आणि त्या चार मिनिटांत ‘शैली ओघवती आहे’ यापलीकडे काही हाती लागले नाही.

कार्यशाळा या शब्दाला एक अर्थ आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९३६ मध्ये सुरू झालेल्या लेखन कार्यशाळेमुळे जी पद्धत रूढ झाली, तिचा पायाच असा आहे की लहान गटातील प्रत्येकाने इतरांचे लेखन आधी वाचून यावे आणि मगच त्यावर बोलावे. बेचाळीस जणांच्या गटात हे होऊ शकत नाही, आणि जे होऊ शकत नाही त्याचे आश्वासन माहितीपत्रकात देणे मला योग्य वाटत नाही. नाव नोंदवण्यापूर्वी तुकडीत किती जण असतील आणि लेखी अभिप्राय किती वेळा मिळेल, हे दोन प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावे.

शेवटच्या वर्गात सर्वांच्या कथांचा संग्रह काढण्याचा प्रस्ताव आला आणि त्यासाठी प्रत्येकी वेगळे पैसे मागण्यात आले. नोंदणीच्या अर्जात ‘वर्गातील लेखन संस्था प्रसिद्ध करू शकेल’ असे एक वाक्य होते, ते अनेकांनी वाचलेच नव्हते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार आपल्या कथेचा पहिला हक्क सर्वसाधारणपणे लेखकाचाच असतो आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो, म्हणून असे वाक्य वाचल्याखेरीज अर्जावर संमती देऊ नये. मी संग्रहात सहभागी झाले नाही.

मुलीचे नाव मी पुढच्या मे महिन्यात त्याच बालगटात पुन्हा घालणार आहे. प्रौढगटातील इतर दोघींची, एक चंद्रपूरची आणि एक मडगावची, याच नाराजीतून माझ्याशी ओळख वाढली. आता दर रविवारी आम्ही तिघी गूगल मीटवर भेटतो. विनामूल्य खात्यावर तिघींना साठ मिनिटे मिळतात, म्हणजे प्रत्येकीच्या कथेला वीस. जूनअखेरपर्यंत माझी कथा दोघींनी तीन वेळा वाचली, तिच्यातील शेवटची दोन पाने काढायला लावली आणि जुलैमध्ये ती मी एका दिवाळी अंकाकडे पाठवली.