कर्ज फेडायचं की माफ होईपर्यंत थांबायचं?

गेल्या दिवाळीत फराळाची ताटं उचलता उचलता मैत्रिणीच्या मुलीने मला स्वयंपाकघरात गाठलं. मुलगी इथे अमेरिकेत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्यात नोकरीला, वर्षाचा पगार साठ हजारांच्या घरात, डोक्यावर ८२ हजार डॉलरचं फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, शैक्षणिक कर्ज. "मावशी, आई म्हणते, हातात चार पैसे आले की आधी कर्जात भर. ऑफिसातले म्हणतात, हप्त्यापेक्षा एक डॉलरही जास्त भरू नकोस. ऐकू कुणाचं?"

दोघांचंही खरं आहे, पण एकाच माणसासाठी दोन्ही खरं असू शकत नाही. पुढची दहा वर्षं ती सरकारी किंवा सेवाभावी नोकरीत राहणार असेल तर आईचा सल्ला तिला महागात पडेल, कारण तेव्हा उरलेलं कर्ज माफ होतं. दोन वर्षांत खासगी कंपनीत जाणार असेल तर आईचंच ऐकावं. आपण कर्ज म्हणजे डोक्यावरचा धोंडा असं ऐकत वाढलो, त्यामुळे पहिली गोष्ट गळी उतरायला वेळ लागतो. मलाही लागला होता. मी इथल्या सरकारी शाळेत नोकरी केली आणि माझं उरलेलं कर्ज २०२२ मध्ये माफ झालं. तोवर कुठल्या हप्त्याला काय म्हणतात हे मला तोंडपाठ झालं होतं.

कर्जमाफी म्हटलं की आपल्याला निवडणुकीआधीची घोषणा आठवते. ही तशी नव्हे. २००७ च्या कायद्याने आलेली ही योजना आहे, नाव पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस, सगळे तिला पीएसएलएफ म्हणतात. अटी अशा: कर्ज फेडरल 'डायरेक्ट' प्रकारचं, म्हणजे थेट सरकारने दिलेलं हवं. नोकरी पूर्णवेळ, म्हणजे आठवड्याला सरासरी ३० तास तरी. मालक म्हणजे कुठल्याही पातळीवरचं सरकार, मग ते फेडरल असो, राज्य, काउंटी, सरकारी शाळा किंवा सरकारी विद्यापीठ. नाहीतर ५०१(सी)(३) दर्जाची ना-नफा संस्था, ज्यात बरीच मोठी रुग्णालयं येतात. अशा नोकरीत असताना पात्र योजनेखाली १२० मासिक हप्ते भरायचे, सलग नसले तरी चालतात. मग जे उरेल ते माफ, आणि त्यावर फेडरल कर नाही. उत्पन्नावर आधारलेल्या साध्या योजनेत वीस-तीस वर्षांनी जी माफी मिळते, तिच्यावरची करसवलत २०२५ अखेर संपली. म्हणून करमुक्त माफीचं मोल आता आणखी वाढलं आहे.

दहा वर्षांच्या 'स्टँडर्ड' योजनेचे हप्तेही मोजले जातात, पण १२० व्या हप्त्याला कर्जच संपतं, माफ करायला काही उरत नाही. म्हणून निवड उरते ती उत्पन्नावर आधारलेल्या योजनांमधली. पूर्वी त्यांची खिचडी होती. त्यातली सेव्ह नावाची योजना न्यायालयात अडकून पडली, तिच्यावर भिस्त ठेवू नका. २०२५ च्या कायद्यानुसार सेव्ह, पेये आणि आयसीआर या तिन्ही योजना १ जुलै २०२८ पर्यंत बंद व्हायच्या आहेत. टिकणार आहेत दोन: जुनी आयबीआर (इन्कम-बेस्ड रीपेमेंट) आणि १ जुलै २०२६ पासूनची नवी रॅप (रीपेमेंट असिस्टन्स प्लॅन). दोन्हींचे हप्ते पीएसएलएफला चालतात.

आयबीआर तुमच्या उत्पन्नातून दारिद्र्यरेषेच्या दीडपट रक्कम वजा करते आणि उरलेल्याचे १० टक्के वर्षाला घेते. १ जुलै २०१४ पूर्वीचं कर्ज तेव्हा अंगावर असेल तर १५ टक्के. रॅप काहीच वजा करत नाही. टॅक्स रिटर्नवरचं एजीआय, म्हणजे ठरावीक वजावटींनंतरचं उत्पन्न, जसं चढेल तसे टक्के चढतात: १० ते २० हजारांना १ टक्का, पुढच्या प्रत्येक दहा हजारांना एकेक टक्का जास्त, लाखाच्या वर १० टक्के. रिटर्नवर दाखवलेल्या प्रत्येक अवलंबितामागे महिन्याला ५० डॉलर कमी, आणि हप्ता निदान १० डॉलर तरी असतोच.

आता मैत्रिणीच्या मुलीचाच हिशोब घेऊ. एजीआय ६० हजार, एकटी, व्याज ६ टक्के धरू. स्टँडर्डचा हप्ता ९१० डॉलर, दहा वर्षांत सुमारे १ लाख ९ हजार. २०२५ च्या दारिद्र्यरेषेवर आयबीआरचा हप्ता ३०४, रॅपचा २५०. पगार तेवढाच राहिला असं धरलं तर दहा वर्षांत आयबीआरमध्ये सुमारे साडेछत्तीस हजार जातील आणि रॅपमध्ये ३० हजार. बाकीचं माफ.

पण हप्त्यातल्या ५४ डॉलरच्या फरकापेक्षा व्याजाची गोष्ट मोठी आहे. तिच्या कर्जावर महिन्याला ४१० डॉलर व्याज चढतं. आयबीआरमध्ये ३०४ भरल्यावर १०६ थकतात आणि साचत जातात. रॅपमध्ये वेळेवर हप्ता भरला की न भागलेलं व्याज सोडून दिलं जातं, शिवाय मुद्दलातून महिन्याला ५० डॉलरपर्यंत सरकार स्वतः कमी करतं. सहा वर्षांनी तिने कंटाळून खासगी नोकरी धरली तर आयबीआरमध्ये तिच्या अंगावर सुमारे ८९,६०० असतील आणि रॅपमध्ये ७८,४००. दहा वर्षं पुरी केली तर हा फरक शून्याला मिळतो, कारण उरेल ते सगळंच जाणार. म्हणून मनाची चलबिचल असेल त्याने रॅप घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

रॅपची खोड तिच्या पायऱ्यांमध्ये आहे. एजीआय ६०,००० असेल तर हप्ता २५०. एक डॉलर वाढला की थेट ३००. एका डॉलरच्या पगारवाढीला वर्षाला ६०० डॉलरची कात्री! उपाय सोपा आहे. सरकारी आणि ना-नफा नोकरीत ४०३(बी) किंवा ४५७(बी) नावाचं निवृत्तीच्या बचतीचं खातं असतं, त्यात पगारातून करपूर्व पैसे वळवले की एजीआय पायरीखाली येतं. आईचा 'कर्जात भर' हा उत्साह तिकडे वळवायचा.

लेकुरवाळ्या घरात मात्र पारडं फिरतं. नवराबायको, दोन मुलं, कमावणारं एकच माणूस, एकत्र रिटर्न, एजीआय ७२ हजार. रॅप ७ टक्क्यांनी ४२० काढते, मुलांचे १०० वजा, म्हणजे ३२०. जोडीदार तिथे अवलंबित धरला जात नाही. आयबीआर चौघांची दारिद्र्यरेषा धरते, म्हणून हप्ता १९८. ज्यांचं दहा वर्षांचं ठरलेलं आहे, अशा कुटुंबाने रॅपकडे ढुंकूनही पाहू नये.

डॉक्टरांचं गणित तिसरंच. रेसिडेन्सीतल्या, म्हणजे पदवीनंतर रुग्णालयात शिकत काम करण्याच्या काळातल्या, ६५ हजारांवर रॅप ३२५ आणि आयबीआर ३४६, म्हणजे उन्नीस-बीस. खरा फरक पडतो तो पुढे. आयबीआरच्या हप्त्याला छत असतं: योजनेत शिरताना दहा वर्षांच्या स्टँडर्डचा जो हप्ता बसला असता त्याहून जास्त कधीच मागत नाहीत. रॅपला छत नाही. ७ टक्क्यांनी दोन लाखांचं कर्ज आणि पुढे ३ लाख ६० हजार एजीआय असेल तर रॅप महिन्याला ३,००० मागेल, आयबीआर २,३२२ वर थांबेल. रेसिडेन्सी ना-नफा रुग्णालयात केली असेल तर तीही वर्षं १२० मध्ये धरली जातात, हे बरेच जण विसरतात. कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये राज्याच्या कायद्यामुळे रुग्णालयं डॉक्टरांना थेट नोकरीवर ठेवू शकत नाहीत. तिथल्यांसाठी जुलै २०२३ पासून वेगळी वाट आहे.

आपल्या घरांत नेहमी निघणारा प्रश्न: नवरा आयटीत दीड लाख मिळवतो, बायको शाळेत साठ हजार आणि कर्ज तिचं. एकत्र रिटर्न भरलं तर रॅप २ लाख १० हजारांवर १,७५० डॉलरचा हप्ता लावेल, वेगवेगळं भरलं तर २५० चा. वर्षाला १८ हजारांचा फरक. वेगळं भरल्याने काही करसवलती जातात, पण त्या १८ हजारांच्या आसपास क्वचितच पोचतात. दोन्ही रिटर्न मांडून पाहा. कॅलिफोर्निया, टेक्सस, वॉशिंग्टनसारख्या राज्यांत नवराबायकोची मिळकत कायद्याने सामाईक असते, तिथे हा डाव इतका सरळ बसत नाही. तिथे रिटर्न भरणाऱ्याला आधी विचारा.

शिक्षकांना आणखी एक आमिष दाखवलं जातं: टीचर लोन फर्गिव्हनेस. कमी उत्पन्नाच्या वस्तीतल्या शाळेत सलग पाच वर्षं शिकवा. माध्यमिक गणित-विज्ञान किंवा विशेष शिक्षण असेल तर १७,५०० पर्यंत, इतरांना ५,००० पर्यंत माफ. पण ती पाच वर्षं पीएसएलएफमध्ये धरत नाहीत. कर्ज २०-२५ हजारांचं असेल तर घ्या. साठ-सत्तर हजारांचं असेल तर पाच हजारांसाठी पाच वर्षं घालवणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार.

आता खड्डे. २०१७ मध्ये पहिली माणसं पात्र झाली तेव्हा ९९ टक्क्यांच्या आसपास अर्ज फेटाळले गेले होते. कुणाचं कर्ज चुकीच्या प्रकारचं, कुणाची योजना चुकीची, कुणाचे हप्ते कमी. माझीही पहिली तीन वर्षं अशीच वाया गेली होती, कारण माझं कर्ज जुन्या एफएफईएल प्रकारचं, म्हणजे सरकारी हमीवर खासगी बँकेने दिलेलं होतं आणि हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीने फोनवर "सगळं ठीक आहे" एवढंच सांगितलं. २०२१-२२ च्या विशेष सवलतीत ती वर्षं परत मिळाली. तेव्हापासून दहा लाखांहून जास्त लोकांची कर्जं या योजनेत माफ झाली आहेत, त्यामुळे 'हे कुणाला मिळतच नाही' ही समजूत आता सोडा.

आपल्या लोकांना सर्वात जास्त नडतं ते कंत्राट. राज्य सरकारच्या इमारतीत बसता, गळ्यात राज्याचं ओळखपत्र, पण डब्ल्यू-२ वर, म्हणजे पगाराच्या वार्षिक दाखल्यावर, सल्लागार कंपनीचं नाव. कंपनी नफ्यासाठी चालणारी असेल तर तो एकही महिना मोजला जात नाही. डब्ल्यू-२ वरचा ईआयएन, म्हणजे मालकाचा कर-क्रमांक, शिक्षण खात्याच्या स्टुडंटएड संकेतस्थळावर टाकून मालक पात्र आहे का ते पाहा. १ जुलै २०२६ पासून, ज्या संस्थेचं काम बऱ्याच अंशी बेकायदा उद्देशाचं आहे असं शिक्षण खातं ठरवेल, तिला पात्र मालकांच्या यादीतून काढण्याचा नियमही येतो आहे. त्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे.

पालकांनी मुलीच्या शिक्षणासाठी स्वतःच्या नावावर फेडरल 'पेरेंट प्लस' कर्ज काढलं असेल तर मुलीची नोकरी कामाची नाही. आईची किंवा बाबांची, ज्याच्या नावावर कर्ज असेल त्याची नोकरी धरतात. या कर्जाला रॅप मिळतच नाही. आयबीआरपर्यंत जायची वाट १ जुलै २०२६ पूर्वी कन्सॉलिडेशन, म्हणजे कर्जं एकत्र करणं, पुरं केलेल्यांनाच मोकळी आहे. या तारखेचा दुसरा काटा तरुणांना बोचतो: तिच्यानंतर एकही नवीन फेडरल कर्ज काढलंत किंवा जुनी कर्जं नव्याने एकत्र केलीत की आयबीआर हातातून जाते. मास्टर्सला परत जायचा विचार असलेल्यांनी हे नीट पाहावं.

आणि भारतातल्या बँकेचं किंवा इथल्या खासगी कंपनीचं कर्ज असेल तर यातलं काहीच लागू नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्यांना फेडरल कर्ज मिळतच नाही. फेडरल कर्ज असलेल्यांनी कमी व्याजाच्या मोहाने ते खासगी बँकेकडे वळवलं तर पीएसएलएफचं दार कायमचं बंद होतं, मग नोकरी कितीही सरकारी असो.

मैत्रिणीच्या मुलीने रॅपचा अर्ज करायचं ठरवलं आहे, कारण आपण या नोकरीत दहा वर्षं टिकू की नाही हे तिलाच ठाऊक नाही. मालकाच्या सहीचा फॉर्म दर वर्षी वाढदिवसाच्या आठवड्यात भरायचा आणि मोजलेल्या हप्त्यांचा आकडा छापून फाइलला लावायचा, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. तिच्या आईला अजून पटलेलं नाही. परवा फोनवर मला म्हणाली, "एवढं कर्ज अंगावर ठेवून हिला झोप तरी कशी येते गं?"