पावसाळ्यात घरात, ट्यूबच्या उजेडात वाढवलेली रोपं : वापरानंतरचा अनुभव

आमचा फ्लॅट कोथरूडला, बाल्कनी उत्तरेला. गेल्या जुलैपासून आतल्या खोलीत लोखंडी रॅकला दिवे टांगून मी भाजीची रोपं करते आहे. आता ठामपणे सांगते, पुण्यात या दिव्यांची खरी गरज थंडीत नाही, पावसाळ्यात आहे.

हिवाळ्यात कुंडीतले टोमॅटो, वांगी, फ्लॉवर जोमात हवे असतील तर बी ऑगस्ट-सप्टेंबरात पेरावं लागतं आणि नेमकं तेव्हाच आभाळ उघडत नाही. बाल्कनीतली रोपं उजेडासाठी लांबतात, देठ दोऱ्यासारखे बारीक राहतात, कुंडीत लावली की माना टाकतात. दिव्याखालची रोपं बुटकी आणि जाड देठाची झाली. ऑक्टोबरात ऊन आलं तेव्हा ती तयार होती!

प्रत्येक कप्प्यावर २० वॅटच्या दोन साध्या एलईडी ट्यूब आहेत, ६५०० केल्विनच्या, म्हणजे पांढऱ्या उजेडाच्या. बहिणीकडचा जांभळा 'ग्रो लाइट'ही शेजारच्या कप्प्यावर लावून पाहिला. रोपं त्याच्याखालीही छान येतात, पण पान पिवळं पडलंय की नाही हे त्या उजेडात कळतच नाही. रोज रोपं निरखणाऱ्याला पांढरा उजेडच बरा.

वॅटपेक्षा अंतर महत्त्वाचं. ट्यूब शेंड्यापासून चार-पाच बोटांवरच हवी. वीतभर वर गेली की रोपं पुन्हा लांबू लागतात. म्हणून ट्यूब साखळीला टांगावी आणि रोपं वाढतील तशी वर घ्यावी. टायमर सकाळी ६ ते रात्री ९ असा लावलाय. रात्रभर दिवा ठेवू नका, टोमॅटोला अखंड उजेड सोसत नाही, पानं पिवळी पडतात. एका कप्प्याला दिवसाला ०.६ युनिट, महिन्याला १८ युनिट वीज लागते.

पावसाळ्यातला मोठा शत्रू म्हणजे मर. दमट हवेत कोवळं रोप मातीलगत काळं पडून आडवं होतं आणि मग सगळा ट्रे जातो. कोकोपीट (मातीऐवजी वापरायचा नारळाच्या काथ्याचा भुसा) धुऊन घ्यायचं, पाणी वरून न घालता खालच्या ताटात ओतायचं, उरलेलं अर्ध्या तासानं काढून टाकायचं. छोटा पंखा मंद चालू असला की ओल बसत नाही, देठही कणखर होतात. कोकोपीटमध्ये खत नसतं. खरी पानं (पहिल्या दोन बीजपानांनंतरची) फुटली की १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य खत, लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा पुरतं.

जानेवारीत मिरची पेरली. पुण्यात तेव्हा रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो आणि मिरचीच्या बियांना रुजायला २५-३० अंशांची ऊब लागते. एलईडी ती देत नाही. म्हणून ट्रे झाकून फ्रिजवर, उबेला ठेवला आणि कोंब दिसताच ट्यूबखाली आणला. बहुतेक भाज्यांच्या बियांना रुजेपर्यंत उजेड लागतही नाही. लेट्यूसचं बी मात्र वरवरच पेरावं, त्याला लागतो.

रोपं बाहेर नेताना घाई नको. आधी तासभर कोवळं ऊन, मग रोज थोडं वाढवत आठवडाभरानं पूर्ण ऊन. एकदम नेली की पानं पांढरी पडून करपतात.

उन्हाची गच्ची असेल तर हा खर्च करू नका, वर प्लॅस्टिकचं छप्पर पुरेल. काकडी, भोपळा, भेंडीसाठीही रॅक अडवू नका; त्यांचं बी थेट कुंडीत टोचलेलंच चांगलं.