जुन्या बुलेटला रिबचा टायर की नवा?
जुन्या ३५० बुलेटला पुढं ३.२५-१९ मापाचा रिबवाला, म्हणजे चाकाभोवती सरळ पट्ट्या असलेला टायर घातला की गाडी दिसते कसली, खडेबाजारात लोक वळून बघतात की! सरळ रस्त्याला हँडल पण हलकं. पण चोर्ला घाटात पाऊस लागला की वळणावर गाडी झुकवायला धीर होत नाही, ब्रेक दाबला की चाक सरकतंय असंच वाटतं. म्हणून आता ९०/९०-१९ चा नव्या पद्धतीच्या नक्षीचा घातलाय, ओल्या डांबरावर पकड एक नंबर, दिसायला मात्र जरा परकाच. स्पोकची रिम म्हटल्यावर ट्यूब दोन्हीत आलीच. गावातल्या गावात फिरवणार असाल तर रिबचाच घ्या, फक्त साइडवॉलवरचे (टायरच्या बाजूवरचे) टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, कारण असला माल दुकानात पडून रबर कडक झालेलं असतं आणि वर "नवाच आहे ओ" म्हणतात.