छुसॉकच्या सुट्टीत, बाबांच्या नावाने

दक्षिण कोरियात बुसानला शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे, त्यातही इथे एकटं राहणाऱ्यांसाठी. माझे साडेतीन लाख वॉन गेले. आपले एकवीस हजार रुपये म्हणा. ते कशाच्या नावाने गेले, याचं दुःख मात्र अजून जात नाही.

२०२३ साली छुसॉक २९ सप्टेंबरला होता. हा कोरियन लोकांचा पूर्वजांना नैवेद्य दाखवण्याचा सण. त्यांच्या आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला येतो आणि त्या वर्षी ती आपली भाद्रपद पौर्णिमाच होती. आदल्या दिवशी सांगलीत गणपती विसर्जन झालं, आणि लगेच पितृपक्ष लागला. इथे सलग सहा दिवस सुट्टी. प्रयोगशाळेला कुलूप, खानावळ बंद, आमच्या मजल्यावरच्या सगळ्या मुली आपापल्या गावी. बाबा २०२२ च्या मार्चमध्ये गेले, तेव्हा मी वेळेवर पोचू शकले नव्हते. वर्षश्राद्धानंतरचा हा पहिलाच पितृपक्ष. पंचमीला दादा श्राद्ध घालणार होता आणि मी इथे खोलीत बसून राहणार होते.

शनिवारी मी शेजारच्या किम्हे शहरात गेले. बुसानच्या सासांग स्टेशनवरून तिकडे छोटी गाडी जाते. तिथे राजा सुरो आणि राणी हॉ ह्वांग-ओक यांच्या समाध्या आहेत. ही राणी इ.स. ४८ मध्ये समुद्रमार्गे ‘आयुता’ देशातून आली, असं १३व्या शतकातल्या कोरियन ग्रंथात लिहिलंय. आयुता म्हणजे अयोध्या, असं इथले बरेच लोक मानतात. अयोध्येत तिचं स्मारकही २००१ मध्ये उभं राहिलं. इतिहासकारांना ते सगळं मान्य नाही, पण किम्हे किम घराण्याचे लोक स्वतःला तिचे वंशज म्हणवतात, आणि कोरियातलं ते सगळ्यात मोठं घराणं आहे. राणीच्या समाधीपाशी एक लहानसा दगडी स्तूप आहे. बोट लाटांत डगमगू नये म्हणून तिने तो सोबत आणला, अशी कथा सांगतात. त्या दगडांपाशी मी बराच वेळ बसले होते. घरच्या कुणाजवळ बसल्यासारखं वाटलं.

हे एवढं सांगितलं, कारण फसवणुकीची सुरुवात इथूनच झाली.

परत येताना बुसानमधल्या सॉम्यॉन स्टेशनला उतरले. तिथल्या भुयारी बाजारातून वर येते तोच दोघीजणी समोर आल्या. एक पन्नाशीची, साध्या कपड्यांतली, दुसरी कॉलेजातली वाटावी अशी. धाकटीने इंग्रजीत रस्ता विचारला. मग म्हणाली, “ऑन्नी, तुमचा चेहरा फार पुण्यवान आहे.” ऑन्नी म्हणजे ताई. कुठल्या तुम्ही, असं तिने विचारलं. भारत म्हटल्यावर मोठीने माझे दोन्ही हात धरले. ती किम्हे किम होती म्हणे. “म्हणजे तुम्ही आमच्या आजीच्या माहेरच्या!” मी आत्ताच राणीच्या समाधीवरून येतेय असं सांगितलं, तर तिचे डोळे भरून आले. निदान मला तरी तसं दिसलं.

आई-वडील कसे आहेत? हा पुढचा प्रश्न. बाबा गेले म्हटल्यावर दोघी एकदम गप्प झाल्या. मग मोठी हळू आवाजात म्हणाली, “म्हणूनच तुमच्या पाठीशी कुणीतरी उपाशी उभं दिसतंय.”

पितृपक्षात हे वाक्य कानावर पडलं की काय होतं, ते आपल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

जवळच त्यांचं घर आहे, छुसॉकचं ताट मांडलेलंच आहे, तुम्हीही वडिलांना नमस्कार करा, असं त्यांनी सुचवलं. आमच्याकडे हे मुलगे करतात, मी म्हणाले. “इथे मुलगीही करू शकते,” धाकटी म्हणाली. त्या एका वाक्यामुळे मी त्यांच्यामागे गेले.

दहा मिनिटं चालून एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पोचलो. दारावर पाटी नव्हती. कोरियन घरात बूट दाराशी काढतात, तसे काढले. धाकटीने ते उचलून कपाटात ठेवले आणि कपाट लावून घेतलं. मला हानबोक, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाख, नेसवला. आत फळं, भाताचे मोदकासारखे गोळे, सुकी मासळी, मेणबत्त्या. आणखी चार-पाच माणसं होती, कुणी नाव सांगितलं नाही. एका कागदावर बाबांचं नाव कोरियन लिपीत लिहिलं. मग ‘चॉंगसॉंग’ ठेवायला सांगितलं. या शब्दाचा अर्थ मनोभाव. त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ पैसे होता. आधी पन्नास हजार वॉन. ते दिले. मग आजोबा-पणजोबाही उपाशी आहेत, एकट्या वडिलांना वाढलं तर त्यांच्या घशाखाली घास उतरणार नाही, असं सुरू झालं. आणखी तीन लाख. रोख नाहीत म्हटल्यावर धाकटी माझ्याबरोबर खालच्या दुकानातल्या एटीएमपर्यंत आली. माझी पर्स वरच राहिली होती, अंगावर त्यांचे कपडे होते. तेव्हा पळता आलं असतं का? आलं असतं. पण ताट मांडलेलं होतं, कागदावर बाबांचं नाव होतं, आणि ते तसं टाकून जायला माझं मन धजेना.

मी वाकून नमस्कार केले, त्यांनी तो कागद जाळला. मला रडू आलं, ते खरं होतं. निघताना बजावलं, ४९ दिवस कुणाला बोलायचं नाही, नाहीतर फळ जाईल. काकाओटॉकचा, म्हणजे इथल्या व्हॉट्सअॅपसारख्या अॅपचा, नंबरही घेतला. दुसऱ्याच दिवशी दर महिन्याच्या ‘सेवे’चा निरोप आला.

सुट्टीनंतर प्रयोगशाळेतल्या माझ्या सीनियर ऑन्नीला मी हे सांगितलं. तिचा चेहराच उतरला. या प्रकाराला कोरियात सगळे ‘दोरुल आशिम्निक्का’ म्हणतात, म्हणजे ‘तुम्हाला मार्ग माहीत आहे का?’ असल्या धार्मिक पंथांचे लोक वर्षानुवर्षं रस्त्यात माणसं गाठतात. स्थानिक लोक मान खाली घालून पुढे जातात, म्हणून आता परदेशी विद्यार्थ्यांना धरतात. ती एक गोष्ट म्हणाली, ती लक्षात ठेवा. छुसॉकचा विधी आपापल्या घरी, आपल्याच पूर्वजांसाठी असतो. अनोळखी माणसाच्या वडिलांसाठी कुणी पैसे घेऊन ताट मांडत नाही.

‘लोभी माणूसच फसतो’ असं मला पुढे दोघा-तिघांनी ऐकवलं. ते चूक आहे. मला काही मिळवायचं नव्हतं. हे लोक हाव शोधत नाहीत, एकटेपणा आणि अपुरं राहिलेलं दुःख शोधतात. म्हणून आई-वडिलांबद्दल इतक्या लवकर विचारतात.

पंचमीला दादाने व्हिडिओ कॉल लावून पिंड दाखवले, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. सांगायच्या आधी भीती वाटली, अजून ४९ दिवस झाले नव्हते. तो रागावला नाही. “बाबा तुझ्याकडे पैसे कशाला मागतील गं?” एवढंच म्हणाला.

दोघीजणी किंवा दोघेजण जोडीने येतील, रस्ता विचारतील किंवा सर्व्हे आहे म्हणतील, मग चेहऱ्याचं कौतुक करतील. चालत राहा, ‘बाप्पायो’ म्हणा, म्हणजे ‘घाईत आहे’. नंबर देऊ नका. मागे लागले तर मेट्रो स्टेशनच्या कर्मचाऱ्यापाशी जा. ११२ हा पोलिसांचा नंबर आहे, आणि १३३० वर पर्यटकांना इंग्रजीत मदत मिळते. त्यांच्या दारापर्यंत गेलाच असाल, तरी तिथून परत फिरता येतं. बूट पायातच असू द्या.