पल्स जेट डस्ट कलेक्टर: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमचं नाशिकच्या अंबडमधलं युनिट लहानच आहे. कास्टिंगचं फेटलिंग (ओतीव भागांच्या कडा घासून साफ करणं) आणि शॉट ब्लास्टिंग (बारीक छर्रे मारून पृष्ठभाग साफ करणं) करतो, माल बहुतेक ऑटो पार्ट्सवाल्यांचा. यातली धूळ ओढून कापडी बॅगांत अडवणारा आधीचा डस्ट कलेक्टर शेकरचा होता, म्हणजे ब्लोअर बंद करायचा, बॅगा हलवायच्या, धूळ खाली पडेपर्यंत ब्लास्टिंग थांबवायचं. तो काढून मागच्या दिवाळीनंतर पल्स जेट बसवला, म्हणजे चालू असतानाच हवेच्या झटक्यांनी बॅगा साफ करणारा. आता नवरात्रही होऊन गेलं. थंडी, ऊन, पाऊस तिन्ही त्याने पाहिलेत, म्हणून आता लिहायला हरकत नाही. बसवल्या-बसवल्या लिहिलेल्या कौतुकावर माझा विश्वास नाही. पहिल्या महिन्यात कुठलाही फिल्टर चांगलाच चालतो.

आधी मशीन सांगतो. ६४ बॅगा, १५० मिमी व्यासाच्या, लांबी जवळपास अडीच मीटर. आठ ओळी, दर ओळीला एक दीड इंची पल्स व्हॉल्व्ह, १० एचपीचा ब्लोअर, खाली धूळ पडायचा हॉपर आणि ती बाहेर काढणारा रोटरी व्हॉल्व्ह. कापड ५०० जीएसएमचं पॉलिएस्टर नीडल फेल्ट. हवा तासाला साधारण ५३०० घनमीटर, कापड सगळं मिळून ७३ चौरस मीटरच्या आसपास. भागाकार केला तर दर चौरस मीटर कापडामागे मिनिटाला १.२ घनमीटर हवा येते. कोटेशन हातात पडलं की किमतीच्या आधी हा भागाकार करा. आमच्याकडे आलेल्या सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये हा आकडा दोनच्या वर होता. ब्लास्टिंगच्या धुळीला एवढ्या कमी कापडातून एवढी हवा ओढायची म्हणजे स्वस्ताईचे पैसे पुढे बॅगांवर घालवायचे.

मशीन चांगलं आहे, परत घ्यायची वेळ आली तर हेच घेईन. फक्त विकणारा मेंटेनन्स म्हणून जे सांगतो आणि मशीन रोज जे मागतं, त्यात बरंच अंतर आहे. विकणारा बॅगांबद्दल बोलतो. मशीन कोरडी हवा मागतं.

पण पहिल्यांदा मीटर. बॅगांच्या खालच्या आणि वरच्या बाजूच्या दाबातला फरक दाखवणारा गोल मीटर अंगावरच बसवलेला असतो, आकडा पाण्याच्या मिलिमीटरमध्ये. नव्या बॅगांवर तो ४० दाखवत होता. कापडावर धुळीचा पहिला थर बसल्यावर ८०-९० वर स्थिरावला. १२५ पर्यंत मी डोकं लावत नाही, १५० कडे निघाला की शोधाशोध सुरू. नाशिककर पुराचा अंदाज गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलंय ते बघून घेतात, तसा आम्ही या मीटरकडे बघून घेतो. मारुती एकदा पाहिला की पुरे, इथे मात्र कालचा आकडा माहीत नसेल तर आजच्या आकड्याला अर्थ नाही. म्हणून पहिल्या शिफ्टचा ऑपरेटर सुरू केल्यावर एकदा आणि जेवणाच्या सुट्टीआधी एकदा आकडा वहीत लिहितो. वही साधी, दोनशे पानी. हळूहळू चढणारा आकडा म्हणजे कापड चोंदतंय. एकदम घसरलेला आकडा दिसला तर खूश होऊ नका, वर चढून चिमणी बघा, बहुतेक बॅग फाटलेली असते.

याच मीटरची एक खोड सांगून ठेवतो. त्याला जाणाऱ्या दोन बारीक नळ्यांपैकी खालच्या बाजूच्या नळीत धूळ शिरते. नळी चोंदली की काटा एका जागी बसतो, आणि सगळं छान चाललंय असं वाटत राहतं. आमच्याकडे मेच्या शेवटी काटा ८५ वर असा काही रुतला होता की ब्लोअर बंद केल्यावरही हलेना. दर आठवड्याला नळी मीटरपासून सोडवायची आणि हवा मारून साफ करायची. मीटरला जोडलेली ठेवून हवा मारली तर मीटर गेला म्हणून समजा.

आता हवा. पल्स जेटमध्ये कॉम्प्रेसरची हवा हेडरमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या आधीच्या नळकांड्यासारख्या टाकीत, साठते आणि एकेका ओळीत वरून क्षणभर सोडली जाते, सेकंदाचा दहावा भाग वगैरे. त्या धक्क्याने बॅग फुगते आणि बाहेरचा धुळीचा थर गळून पडतो. हेडरमध्ये ५-६ बार दाब लागतो. हवेत पाणी असेल तर तेच पाणी फवाऱ्यासारखं बॅगेत जातं आणि धुळीचा कापडावर लेप बसतो. तो लेप पल्सने निघत नाही, ब्रशनेही नाही. डिसेंबरच्या ज्या आठवड्यांत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात, तेव्हा सकाळी हेडरचा ड्रेन उघडला की पेलाभर पाणी यायचं. मला वाटलं थंडीचं आहे, जाईल. जुलैत दुपारीही तेवढंच यायला लागलं आणि मीटर १४० वर गेला.

कोटेशनमध्ये हवा कोरडी करणारा ड्रायर नव्हता. विचारलं तर उत्तर मिळालं, "तुमच्याकडे कॉम्प्रेसर आहेच ना." कॉम्प्रेसर होता, पण तो बाहेरची जुलैची हवाच ओढतो. ती दाबली आणि पुढे गार झाली की तिच्यातलं पाणी कुठेतरी पडणारच. शेवटी रेफ्रिजरेशन टाइपचा ड्रायर घेतला. तो हवा तीनेक अंशांपर्यंत गार करून पाणी तिथेच काढून टाकतो. लाइनच्या सखल जागी ऑटो ड्रेन बसवला, हेडरचा ड्रेन मात्र हातानेच, रोज सकाळी. त्यानंतर अख्खा ऑगस्ट मीटर १०० च्या खाली राहिला. ज्या दोन ओळींवर लेप बसला होता त्या बॅगा मात्र बदलाव्याच लागल्या. माझं म्हणणं इतकंच की नाशिकमध्ये पल्स जेट घेताय तर ड्रायर त्याच कोटेशनमध्ये लिहून घ्या.

पल्स व्हॉल्व्हची तपासणी आमच्याकडे कानाने होते. हे नानांकडून शिकलो. नाना आमचे जुने फिटर, रिटायर होऊनही दुपारपर्यंत येतात. मशीनखाली उभं राहिलं की आठ व्हॉल्व्ह एकामागोमाग एक वाजतात: ठप्प, मग शांतता, परत ठप्प. एक दिवस नाना म्हणाले, "साहेब, पाचवा ऐका." ऐकला तर ठप्पच्या जागी नुसतं फुस्स. "डायफ्रॅम गेलाय. आणि सातवा वाजतच नाही, त्याची कॉइल बघा." दोन्ही खरं निघालं. पाचव्याच्या डायफ्रॅमला, म्हणजे आतल्या रबरी पडद्याला, काठाशी नखाएवढी चीर होती, सातव्याची कॉइल जळून काळी पडली होती. व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर वेगळी गंमत. सतत सूं असा आवाज येतो, हेडरचा दाब भरतच नाही, कॉम्प्रेसर थांबत नाही आणि बाकीचे सातही व्हॉल्व्ह दुबळे पडतात. खोलायच्या आधी हवेचा व्हॉल्व्ह बंद करून हेडर पूर्ण रिकामा करा. दाब असताना डायफ्रॅमचं झाकण सोडवणं म्हणजे हात गमावायची तयारी.

टायमरबद्दल कंपनीच्या इंजिनिअरशी माझं पटलं नाही. त्याने दोन पल्समधलं अंतर आठ सेकंदांवर लावलं होतं, "जास्त साफ म्हणजे जास्त चांगलं" म्हणून. तसं नसतं. बारीक धूळ अडवण्याचं निम्मं काम कापडावरचा पातळ थरच करतो. तो सारखा झटकला की बारीक धूळ कापडात घुसते, बॅग तिच्या आतल्या तारेच्या पिंजऱ्यावर आपटून झिजते आणि कॉम्प्रेसरचं बिल वाढतं ते वेगळंच. आम्ही मीटर बघत बघत अंतर पंचवीस सेकंदांवर नेलं. आकड्यात काहीही फरक पडला नाही, कॉम्प्रेसर मात्र मधूनमधून विश्रांती घ्यायला लागला. सुट्टीच्या आदल्या दिवशी ब्लोअर बंद करून दहा-पंधरा मिनिटं नुसते पल्स चालू ठेवतो. वर ओढणारी हवा नसल्याने थर नीट खाली पडतो.

हॉपरमध्ये धूळ साठवायची नाही, एवढा एकच नियम. रोटरी व्हॉल्व्हची गती, बेअरिंगचं ग्रीस, ब्लोअरचे बेल्ट हे नेहमीचंच आहे, कुठल्याही मेंटेनन्सवाल्याला सांगावं लागत नाही. पावसात लाइट गेली की रोटरी व्हॉल्व्ह थांबतो आणि धूळ हॉपरमध्येच पडून राहते, म्हणून लाइट आल्यावर आधी हॉपर रिकामा करतो, मगच ब्लोअर. हॉपरच्या दाराचं गॅस्केट मात्र बघत राहा. आतमध्ये ओढ असल्याने फटीतून बाहेरची दमट हवा आत शिरते आणि धूळ ढेकळं धरते.

बॅगा बदलताना काठाची स्प्रिंगची कडी दुमडून वरच्या पत्र्याच्या भोकात बसवावी लागते. नीट बसली की टक् आवाज येतो आणि अंगठा फिरवला की कुठे फट लागत नाही. आमच्याकडे वर्षाच्या मेंटेनन्स कराराखाली आलेल्या पोराने चार बॅगा नुसत्या ढकलून बसवल्या आणि दुसऱ्या दिवशी चिमणीतून धूर. त्याच पोराने पिंजऱ्याच्या वेल्डिंगचे बारीक काटेही बघितले नव्हते, ते बॅगेला आतून कापतात. करार नंतर चालू ठेवला नाही. शिवाय जुन्या बॅगांत एकच नवी घातली तर तिला विरोध कमी, म्हणून तीच जास्त हवा ओढते आणि लवकर मरते. बदलायच्या तर निदान पूर्ण ओळ बदला.

एक गोष्ट सगळ्या फाउंड्रीवाल्यांसाठी. ॲल्युमिनियमचं ग्राइंडिंग आणि लोखंडाचं ब्लास्टिंग एकाच डस्ट कलेक्टरला जोडू नका. ॲल्युमिनियमची बारीक धूळ स्वतःच स्फोटक असते, त्यात गंजाची भुकटी मिसळली की एक ठिणगी पुरते, थर्माइट लागतो, म्हणजे विझवता न येणारी प्रचंड उष्णतेची आग. डक्ट जोडून पैसे वाचतील असं आम्हालाही एकाने सुचवलं होतं. नाही म्हणालो.

स्टॅक टेस्टिंग, म्हणजे चिमणीतून किती धूळ बाहेर जाते त्याची मोजणी, दोनदा झालं. धूलिकणांची सर्वसाधारण मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम आहे, आम्ही दोन्ही वेळा तिच्या खूप खाली होतो. तुमच्या कन्सेंटमध्ये, म्हणजे प्रदूषण मंडळाच्या परवानगीत, यापेक्षा कडक आकडा असू शकतो, तो वाचा, आणि चिमणीवर सॅम्पलिंगचं भोक व प्लॅटफॉर्म बसवताना सुरुवातीलाच करून घ्या.

प्लॅटफॉर्मवरून आठवलं. आमच्या मशीनच्या वरच्या डेकला कठडाच नव्हता. व्हॉल्व्ह वर, बॅगाही वरूनच निघतात, आणि ऑर्डरमध्ये फक्त सरळ शिडी. साठीच्या नानांना त्या शिडीवर कोण चढवणार? कठडा आणि पायऱ्या आम्ही इथल्याच फॅब्रिकेटरकडून करून घेतल्या. तुम्ही ऑर्डर देताना ड्रॉइंगमध्येच मागा. आणि डायफ्रॅमचे दोन किट, एक कॉइल घरात ठेवा. भोसरीहून पार्सल यायला दोन दिवस लागतात, तेवढ्यात मीटर कुठे जाईल सांगता येत नाही.